गाडी सुटण्याची वेळ: शिरोलीच्या ट्रान्सपोर्ट यार्डातील आरोग्य व रस्ता सुरक्षा प्रकल्पाच्या नोंदी

७ ऑक्टोबर २०२४

काम सुरू. यार्ड कोल्हापूरजवळ शिरोलीत, पुणे–बेंगळुरू महामार्गाला लागूनच. २६ गाड्या: १४ दहाचाकी, ८ सहाचाकी, ४ पिकअप. माणसे: ३४ चालक, ११ क्लीनर, ६ हमाल, २ मेस्त्री, डिस्पॅचला (गाड्या सोडणाऱ्या कार्यालयात) ३. माल तीन दिशांना जातो. फाउंड्रीचे (ओतकाम कारखान्याचे) कास्टिंग चाकणला. पशुखाद्य, गूळ, सिमेंट अंबा घाटाने रत्नागिरीला, आणि परतीला जांभा चिरा. तिसरी दिशा सिंधुदुर्गातल्या कासार्डेची: तिथून सिलिका वाळू फोंडा घाट चढून इकडच्या फाउंड्र्यांना येते.

पहिले आठ दिवस काहीच बदलायचे नाही, फक्त पाहायचे आणि लिहायचे. पहिल्याच दिवशी पाट्या लावल्या की माणसे सावध होतात आणि खरे काम नजरेआड जाते. तीन गोष्टी रोज टिपायच्या: डिस्पॅचच्या फळ्याचा सकाळ-संध्याकाळ फोटो, प्रत्येक चालक यार्डात आल्याची वेळ (गाडी सुटल्याची नव्हे), आणि माल उतरवून मोकळे झाल्याची वेळ.

११ ऑक्टोबर

चाकणची फेरी कागदावर सहा तासांची आहे. प्रत्यक्षात अशी जाते: चालक दुपारी ४ला यार्डात येतो. फाउंड्रीत फेटलिंग (ओतीव भाग घासून साफ करणे) आणि तपासणी होऊन शेवटच्या पेट्या रात्री ८ला मिळतात. लोडिंग, वजनकाटा, बिल्टी (मालाची पावती) होईपर्यंत १०.३० ते ११. गाडी सुटते ११.३०ला. सरासरी ताशी ४५ किमी धरली तर चाकण पहाटे ५.३०. ग्राहकाच्या कारखान्याचे गेट ७ला उघडते, नंबर लागून माल उतरायला दुपारचे १ ते २ वाजतात. म्हणजे ४ ते २, एकूण २२ तास. त्यात सलग झोप कुठेच नाही.

२०२४मध्ये १९६१चा मोटार परिवहन कामगार कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीला लागू होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. पाच तास कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती. कामाचा एकूण पसारा, मधल्या सुट्ट्या धरून, १२ तासांच्या आत. दोन पाळ्यांमध्ये सलग ९ तास विश्रांती. कंपनीच्या रजिस्टरमध्ये हे सगळे बरोबर भरलेले आहे, कारण रजिस्टरमध्ये फक्त चाक फिरत होते तेवढेच तास लिहिले जातात. गेटवर नंबरसाठी थांबणे ‘विश्रांती’ म्हणून लिहिलेले आहे. दर वीस मिनिटांनी गाडी एक जागा पुढे घ्यावी लागते, त्याला विश्रांती म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट नकाशावर वेळा टाकल्यावर दिसली. ११.३०ला सुटलेली गाडी खंबाटकीच्या बोगद्यातून ३च्या सुमारास बाहेर पडते आणि लगेच उताराचे इंग्रजी ‘एस’सारखे वळण लागते. साडेचारच्या सुमारास ती कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाच्या उताराला असते. पहाटे २ ते ५ हा शरीराच्या घड्याळात झोपेचा सर्वांत जड वेळ. या रस्त्यावरचे सर्वांत अवघड दोन उतार नेमके त्याच वेळात येतात. हे रस्त्याने ठरवलेले नाही, फळ्यावरच्या ११.३०ने ठरवले आहे.

ताशी ६० किमीला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ५० मीटर, आणि ती लागल्याचे माणसाला नंतर आठवतही नाही.

१६ ऑक्टोबर

पाहणी संपली. कामाचा क्रम ठरला. जे आजच माणूस मारू शकते ते आधी: ब्रेक, यार्डातली मागे घेणारी गाडी, टायरची रिंग. सुटण्याच्या वेळेला ग्राहक आणि फाउंड्री दोघांची संमती लागणार, त्यामुळे त्याची बोलणी आजपासून सुरू, पण निकाल उशिरा येईल असे धरले.

१८ ऑक्टोबर

ब्रेक. अंबा घाट उतरून साखरप्याला थांबलेल्या चार दहाचाकींचे ड्रम इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले. घाट संपल्यावर पाच मिनिटांच्या आत, प्रत्येक ड्रमवर एकाच जागी. तीन गाड्यांत सगळी चाके एकमेकांच्या आसपास. चौथ्या गाडीत मधल्या धुरीचे डावे चाक ७० अंश, बाकीची १८० ते २१०. गार चाक पाहून बरे वाटते, पण ते चाक ब्रेकच धरत नव्हते. त्याच्या वाट्याचे काम बाकीच्या पाच चाकांवर. ऑटो स्लॅक अॅडजस्टर (ब्रेकचा सैलपणा आपोआप भरून काढणारा भाग) गंजून अडकला होता. मेस्त्रीने तो आधी हाताने पिळून ‘बसवला’ होता. ऑटो अॅडजस्टर हाताने पिळून कामाला लावायचा नसतो. तो मागे पडतो म्हणजे आत काहीतरी बिघडले आहे, भाग बदलायचा. बदलला.

आजपासून घाटाच्या गाडीला रोजची ब्रेक तपासणी, वेळ सात मिनिटे:
हवेची टाकी तळाच्या नळातून काढून पाणी आणि तेल बघणे. तेल जास्त येत असेल तर कॉम्प्रेसर बघायचा.
हवा पूर्ण भरून इंजिन बंद, ब्रेक पायाने दाबून धरायचा. एका मिनिटात पाव बारपेक्षा जास्त हवा उतरली तर गाडी सुटणार नाही.
चाकाला ठोकळा लावून हँडब्रेक सोडायचा, क्लीनरने प्रत्येक चाकाची पुशरॉड (ब्रेक ढकलणारी दांडी) ब्रेक दाबल्यावर किती बाहेर येते ते बघायचे. डावी-उजवी सारखी हवी.
हवा कमी झाल्याचा बझर वाजतो का. दोन गाड्यांत बझरची वायर काढलेली सापडली, आवाजाचा त्रास होतो म्हणून.

२१ ऑक्टोबर

उतारावर न्यूट्रल. दुपारच्या चहाला सगळ्यांशी बोलणे झाले. निम्म्याहून जास्त चालक नवले पुलाच्या उताराला आणि अंबा घाटाच्या खालच्या टप्प्यात गाडी न्यूट्रलला सोडतात हे त्यांनीच सांगितले. कारण एकच: डिझेलची सरासरी. किमी प्रतिलिटर चांगले आले तर महिन्याला बक्षीस मिळते. म्हणजे न्यूट्रलचे पैसे कंपनीच देत होती.

यात हिशेबही चुकीचा आहे. आताच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल बंद करतो, चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला उलट डिझेल लागते. आणि इंजिन बंदच केले तर पॉवर स्टीअरिंग जाते, हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकला टाकी रिकामी होत जाते. हे एका दहाचाकीच्या डॅशबोर्डवर सर्वांना बसवून दाखवले: गिअरमध्ये उतरताना खपाचा आकडा शून्य, न्यूट्रलला शून्यावरून वर. बोलून जे पटत नव्हते ते काट्याने पटवले.

नियम: ज्या गिअरने घाट चढता त्याच किंवा एक खालच्या गिअरने उतरायचा. गिअर उतार लागायच्या आधी बदलायचा, उतारात नव्हे, कारण उतारात गिअर निघाला आणि परत पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्येच सापडते. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग उतरवणारा) आधी, पायाचा ब्रेक नंतर. पायाचा ब्रेक घासत धरून ठेवायचा नाही. एकदा दाबून वेग ताशी ८–१० किमीने उतरवायचा आणि सोडायचा. ड्रमला गार व्हायला तेवढी फट मिळते. नवले उताराला आपल्या गाड्यांची कमाल ताशी ४० किमी.

डिझेलचे बक्षीस या महिन्यापासून थांबवावे अशी शिफारस मालकांना दिली. मान्य, पण त्या रकमेचे काय करायचे ते अजून ठरायचे आहे.

२४ ऑक्टोबर

यार्ड. चालक आणि क्लीनर दुपारी उभ्या गाडीखाली झोपतात. ऑक्टोबरच्या उन्हात यार्डात तेवढीच सावली आहे. दुसरा चालक येऊन गाडी सुरू करतो, किंवा शेजारची गाडी मागे येते. यावर ‘गाडीखाली झोपू नये’ अशी पाटी आधीपासून होती, तिच्याच सावलीत एक जण झोपलेला दिसला. पाटी काढली. त्याजागी ३० बाय १५ फुटांची पत्र्याची शेड, पत्र्याखाली थर्मोकोल, दोन पंखे, आठ बाजा, पाण्याचा माठ, नळ. खर्च मालकांनी मंजूर केला. दिवाळीआधी उभी करायची.

चावीची खुंटी आजच लागली. प्रत्येक गाडीची चावी डिस्पॅचच्या खिडकीबाहेर, नंबर लावून. जो माणूस गाडीखाली जाईल, मेस्त्री असो की ग्रीसवाला, तो चावी स्वतःच्या खिशात घेऊन जाईल आणि खुंटीवर आपल्या नावाचा लाल बिल्ला लावेल. चावी त्याच्याच हाताने परत येईल. दुसऱ्या चाव्या कपाटात बंद, नाहीतर या सगळ्याला अर्थ नाही.

गाडी मागे घेताना एकच माणूस हात दाखवेल. चौघे चार बाजूंनी ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडतात आणि ‘थांबा’ कोणाचेच ऐकू जात नाही. हात दाखवणारा चालकाच्या उजव्या आरशात दिसलाच पाहिजे. तो आरशातून गेला की गाडी तिथेच उभी. गाडी आणि भिंत किंवा दोन गाड्यांच्या मध्ये त्याने उभे राहायचे नाही. फ्लोरोसंट जाकिटे १२ आणली. रात्री हातात बॅटरी, तोंडाने हाका नकोत.

२८ ऑक्टोबर

टायर. आठ जुन्या गाड्यांना अजून तीन तुकड्यांची रिंग आहे. हवा भरताना कुलूप-रिंग नीट बसलेली नसेल तर ती उडते आणि समोर उभा माणूस वाचत नाही. मेस्त्री रिंगवर हातोड्याने ठोके देत हवा भरत होते. पूर्ण बंद.

लोखंडी पिंजरा गॅरेजमध्येच बनवून घेतला. चाक पिंजऱ्यात, नळीला चिमट्याचे तोंड, नळी तीन मीटर लांब, दाबाचे घड्याळ आणि झडप माणसाजवळ. माणूस टायरच्या तोंडासमोर नाही, तुडवणीच्या बाजूला. जुनी रिंग गंज घासून, चीर बघून मगच वापरायची. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे तुकडे एकत्र बसवायचे नाहीत. पंक्चर झालेल्या टायरवर गाडी चालत आली असेल तर त्यात हवा भरायच्या आधी तो उतरवून आतला धागा बघायचा.

दाब गार टायरमध्येच मोजायचा. धावून गरम झालेल्या टायरमधली हवा सोडू नये, गार झाल्यावर ती कमी पडते आणि पुढच्या फेरीत टायर जास्त तापतो. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिमी, पण पुढच्या चाकांना आपण ३ मिमीला टायर बदलणार. पुढे रिमोल्ड (जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर) नाही. चाक बदलल्यावर नट टॉर्क पान्याने आवळायचे आणि ५० ते १०० किमीवर पुन्हा. लांब पाइप लावून दोघांनी लटकून आवळलेला नट आवश्यकतेपेक्षा जास्त ताणला जातो, स्टड पुढे कधीतरी तुटतो.

६ नोव्हेंबर

शेड उभी राहिली. दुपारी २ला आठही बाजा भरलेल्या, गाडीखाली कोणी नाही.

११–१३ नोव्हेंबर

आरोग्य तपासणी. तीन दिवस, रोज सकाळी ७ ते ११, शेडमध्येच. बाहेरचे डॉक्टर आणि डोळे तपासणारे. ३४पैकी ३१ चालक आले.

आधी गोपनीयतेचा प्रश्न सोडवला. रिपोर्ट चालकाच्या हातात आणि डॉक्टरांकडे. कार्यालयाला फक्त तीनपैकी एक शब्द: योग्य, अटीवर योग्य, पुन्हा तपासणी. साखर किंवा रक्तदाब निघाला म्हणून कोणाची गाडी जाणार नाही. औषध लागू होईपर्यंत दिवसाच्या जवळच्या फेऱ्या, त्याच पगारात. हे मालकांच्या सहीने फळ्यावर लावले. ही सही नसती तर निम्मे चालक त्या दिवशी रजेवर गेले असते.

रक्तदाब: पाच मिनिटे शांत बसल्यावर, हात छातीच्या पातळीला टेकवून, अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मावा नाही. पहिले माप जास्त आले तर पाच मिनिटांनी दुसरे. दोन्ही वेळा १४०/९० किंवा वर: ११ जण. त्यांतल्या सात जणांना काहीच त्रास होत नव्हता.

साखर: बोटाच्या टोचणीवर २०० किंवा वर आलेले चार, त्यांना उपाशीपोटी तपासणीला पाठवले. दोघे आधीपासून गोळ्या घेतात. त्यांना धोका जास्त साखरेचा कमी, अचानक उतरण्याचा अधिक: गोळी घेतली आणि लोडिंगच्या गडबडीत जेवण राहिले तर हात थरथरतात, घाम येतो, निर्णय चुकतात. अशा चालकाच्या केबिनमध्ये ग्लुकोजची पुडी कायम, साखर ७०च्या खाली असेल तर गाडी हलवायची नाही.

डोळे: १३ जणांना चष्मा लागला. पाच जणांकडे चष्मा होता, घरी. रात्री समोरचा प्रकाश पसरतो ही तक्रार बऱ्याच जणांची, पण त्यांतल्या काहींच्या डोळ्यांत दोष नव्हता. दोष काचेत होता: झिजलेल्या वायपरने ओढलेल्या रेषा आणि आतल्या बाजूला बिडी-उदबत्तीचा थर. काच आतून दर आठवड्याला साबणाच्या पाण्याने पुसायची.

घोरणे: मानेचा घेर ४० सेंमीपेक्षा जास्त, मोठ्याने घोरणे आणि दिवसा डोळा लागणे, तिन्ही एकत्र असलेले तीन चालक. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. असा माणूस आठ तास झोपला तरी झोपलेला नसतो. तिघांची रात्रीची फेरी बंद, तज्ज्ञांकडे पाठवले.

तोंड: मावा खाणाऱ्यांना तोंड उघडून तीन बोटे उभी घालायला सांगितले. दोघांची दोनच गेली. कान-नाक-घसा विभागाला चिठ्ठी.

सर्दीच्या गोळ्यांचे सर्वांना सांगितले: क्लोरफेनिरामिन, सेटिरिझिन असलेल्या गोळ्या आणि बरीच खोकल्याची औषधे झोप आणतात. दुकानात गोळी मागताना ‘मी गाडी चालवतो’ हे आधी सांगायचे.

१८ नोव्हेंबर

ऊस सुरू. सूर्यास्तानंतर शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी बाजूच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. डिपरवर (खाली केलेल्या दिव्यावर) उपयोगी उजेड ४० ते ५० मीटर. भरलेल्या गाडीला पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ताशी ६०ला थांबायला सुमारे ६० मीटर लागतात, ४५ला सुमारे ३८. म्हणून हंगामभर दोन पदरी रस्त्यावर रात्री ताशी ४५ची मर्यादा, जीपीएसवर सूचना लावली.

आपल्या गाड्या दुसऱ्याला दिसतात का हेही पाहिले. रिफ्लेक्टिव्ह टेप: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. सिमेंट आणि चिऱ्याच्या धुळीने नऊ गाड्यांची टेप मेलेली. धुऊन न उजळलेली टेप बदलली. मागचा अंडररन बार दोन गाड्यांचा वाकून वर गेलेला. रिकाम्या गाडीत तो जमिनीपासून ५५० मिमीच्या वर गेला तर मागून आलेली मोटार सरळ हौद्याखाली शिरते. सरळ करून वेल्ड नको, नवा बसवला.

बंद पडलेल्या गाडीसाठी: दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवायच्या नाहीत. गाडी निघून जाते, दगड रस्त्यातच राहतो आणि पुढच्या दुचाकीस्वाराचा जीव घेतो. प्रत्येक गाडीत दोन त्रिकोण, एक ५० मीटरवर, एक १०० मीटरवर, वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. माणसे गाडीच्या मागे उभी न राहता रस्त्याबाहेर. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, रुग्णवाहिकेला १०८.

२५ नोव्हेंबर

‘थोडक्यात टळले’ वही (होता होता राहिलेल्या अपघातांची) सुरू करून महिना झाला. नोंदी शून्य. वही सुपरवायझरच्या टेबलावर होती, आणि दंड लावणारेही तेच. आजपासून वही बंद. सेवानिवृत्तीला आलेले एक जुने चालक रोज संध्याकाळी शेडमध्ये बसतील, ऐकतील आणि गाडी नंबर, नाव न घालता जागा, वेळ, काय झाले एवढेच लिहितील.

२ डिसेंबर

एका आठवड्यात ११ नोंदी. त्यांतल्या सहा पहाटे २ ते ५च्या. तीन एकाच जागेच्या: कागल–सातारा रुंदीकरणाच्या कामातला एक वळणरस्ता, जिथे सिमेंटचे अडथळे अचानक डावीकडे सरकवले आहेत. रोज संध्याकाळी ६ला चाकणहून परतलेला चालक वळणरस्त्यांचे बदल फळ्यावर खडूने काढेल.

फाउंड्री आणि ग्राहकाशी तिसरी बैठक. पहाटेच्या सहा नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या. फाउंड्रीने एका दिवसाचा साठा पुढे ठेवायला होकार दिला: आज तपासलेला माल उद्या दुपारी ३ला भरायचा. ग्राहकाने सकाळी ७ ते ९चा ठरावीक नंबर दिला, त्यामुळे दुपारपर्यंतचे थांबणेही गेले.

९ डिसेंबर

साताऱ्याच्या अदलाबदलीची चाचणी, चार गाड्यांवर. कोल्हापूरहून भरलेली गाडी संध्याकाळी ५ला सुटते, ८च्या आत साताऱ्याला. चाकणहून रिकामी गाडी ४.३०ला सुटून तीही ८पर्यंत साताऱ्याला. चालक गाड्या बदलतात. कोल्हापूरचा चालक ११.३०पर्यंत घरी, पुणे बाजूचा तेवढ्याच वेळेला चाकणला, गाडी बंद आवारात लावून खोलीवर झोपायला. खंबाटकी ९च्या सुमारास, नवले उतार साडेदहाच्या आत.

२० डिसेंबर

चाचणीत बिघडलेले:

हत्यारे. जॅक, पाना, त्रिकोण गायब. कोणी नेले यावर वाद. उपाय: प्रत्येक गाडीत कुलपाची पेटी, १४ वस्तूंची यादी झाकणाच्या आत चिकटवलेली, अदलाबदलीला दोघांनी मिळून उघडायची.

सीट. एकाची उंची पाच फूट तीन इंच, दुसऱ्याची पाच दहा. घाईत सीट आणि आरसे न बदलताच गाडी निघते. पायाने क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहावा, पाठ जवळपास १०० ते ११० अंशांत टेकलेली, मग आरसे. हे दोन मिनिटांचे काम हँडओव्हर चिठ्ठीत पहिल्या ओळीला आणले.

उशीर. एक गाडी ९.४०ला आली तर दुसरा चालक जवळपास पावणेदोन तास उभा. ठरले: ४५ मिनिटांपर्यंत वाट. त्यानंतर डिस्पॅचला फोन. मध्यरात्रीच्या आत पुढची फेरी संपत नसेल तर पुढे जायचे नाही, साताऱ्यात भाड्याने घेतलेल्या खोलीत दोन खाटा आहेत. पहिल्या रात्री चालकाने खाटा न वापरता केबिनमध्येच झोप घेतली, कारण गाडी राखणार कोण. आवारात वॉचमन ठेवल्यावर हा प्रश्न मिटला.

‘माझी गाडी’. वर्षानुवर्षे एकच गाडी सांभाळणाऱ्या चालकाला ती रोज दुसऱ्याच्या हाती देणे जड जाते. ही भावना कामाची आहे, तीच गाडी नीट ठेवते. म्हणून जोड्या कायम ठेवल्या: दोन चालक, दोन गाड्या, तेच चौघांचे गणित रोज.

६ जानेवारी २०२५

सिलिका वाळू. कासार्डेला भरताना चालक केबिनची काच उघडी ठेवून झोपतो आणि लोडर हौद्यात वाळू ओततो. दिसणारी जाड वाळू घशात अडकते, थुंकून जाते. फुप्फुसात खोल जाणारी धूळ डोळ्यांना दिसत नाही, आणि सिलिकोसिस झाला की तो मागे फिरत नाही. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. केलेले बदल: भरताना गाडीपासून वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहायचे, काचा बंद, एन९५ मास्क (दाढी वाढलेली असेल तर तो बसत नाही), निघताना वरून पाणी शिंपडून ताडपत्री. फाउंड्रीत उतरवल्यावर हौदा झाडूने झाडायचा नाही, ओला करून फावड्याने. केबिन झटकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. या मार्गावरच्या सात जणांचे छातीचे एक्स-रे आणि फुंकून करायची फुप्फुस तपासणी आता, आणि पुढे दरवर्षी.

ताडपत्री ओढायला हमाल मालावर चढतात. साडेतीन मीटरवरून पडणे हा यार्डातला सर्वांत मोठा राहिलेला धोका. भिंतीला समांतर लोखंडी मचाण, कठड्यासह, गाडी त्याला लावून ताडपत्री मचाणावरूनच टाकायची. काम गॅरेजला दिले.

१७ जानेवारी

कास्टिंगच्या पेट्या. हौद्याच्या तेलकट पत्र्यावर लोखंडी पेटी ठेवली की ब्रेकला ती घसरत केबिनकडे येते. बांधताना धरायचा हिशेब: पुढच्या बाजूला वजनाच्या ८० टक्के, बाजूंना आणि मागे ५० टक्के जोर. नुसत्या दोराने एवढे धरत नाही. पेट्या पुढच्या फळीला टेकवून, खाली रबरी मॅट, वरून ५० मिमीचे रॅचेट पट्टे, दर पेटीमागे किमान एक, कडेवर कोपरा-रक्षक. पट्टा कडेवर कापला की त्याला गाठ मारून वापरायचा नाही, कापून टाकायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो उचलतोच. पहिल्या २५ किमीच्या आत, किणी टोलनाक्याच्या आसपास, थांबून पट्टे पुन्हा आवळायचे. माल बसतो, पट्टा ढिला पडतो.

३ फेब्रुवारी

डिझेलच्या बक्षिसाची रक्कम आता अशी वाटली जाते: अर्धी महिन्याच्या तपासणी चिठ्ठ्या पूर्ण भरल्याबद्दल, अर्धी जोडीला मिळून. अपघात न झाल्याचे बक्षीस मुद्दाम ठेवले नाही. तसे ठेवले की छोटे अपघात सांगणे बंद होते. फेरीमागचा भत्ता मात्र तसाच आहे, आणि जास्त फेऱ्या मारायची ओढ त्यातून अजून येते. महिन्याच्या पगाराचा हिस्सा वाढवून भत्त्याचा कमी करण्याचा तक्ता मालकांकडे दिला आहे.

जानेवारीत चाकणच्या ९४ फेऱ्या. रात्री १० ते १२मध्ये सुटलेल्या ७, सगळ्या फाउंड्रीकडून माल उशिरा आल्यामुळे. या सातही चालकांना निघण्याआधी शेडमध्ये दोन तास झोप दिली. रस्त्यात डोळे जड झाले तर: सुरक्षित आवारात थांबायचे, कडक चहा घ्यायचा आणि लगेच २० मिनिटे झोपायचे. चहाचा परिणाम तेवढ्याच वेळात सुरू होतो. अर्ध्या तासाच्या वर गेले तर सरळ दीड तास झोपायचे, मधेच उठले की डोके सुन्न राहते. काच उघडणे, गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी दहा मिनिटेही भागत नाही.

श्वास-तपासणी यंत्र आले. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा, आपली शून्य. माउथवॉश किंवा खोकल्याचे औषध नुकतेच घेतले असेल तर खोटा आकडा दिसतो, म्हणून पहिला आकडा आल्यास १५ मिनिटे काही न खाता-पिता बसवून दुसरी फुंक. सुटणाऱ्या प्रत्येकाची, सुपरवायझरपासून सुरुवात करून.

रत्नागिरीची बाजू उरली आहे. परतीच्या चिऱ्याचे वजन खाणीवर नगांवर धरतात, काट्यावर नाही, आणि ओला चिरा कोरड्यापेक्षा जड भरतो. पुढचा आठवडा: निवळीच्या अलीकडचा वजनकाटा ठरवणे, पाच गाड्यांचे एकूण आणि धुरीवार वजन घेणे, आणि आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणी पुस्तकातल्या) वजनाला किती नग बसतात याचा ओला व कोरडा, दोन्ही तक्ता खाणीच्या मुकादमाच्या हाती देणे.